एपी इंग्लिश: आर्ग्युमेंट एसेत मार्क का अडकतात?

एडिसनकर: मुलगी अकरावीत, इथे न्यू जर्सीत, एपी इंग्लिश लँग्वेज (शाळेतच करायचा कॉलेज लेव्हलचा कोर्स, शेवटी परीक्षा) घेतलंय. बाकी ठीक पण आर्ग्युमेंट एसेत (आपली बाजू मांडायचा निबंध) ६ पैकी ३ च्या वर जातच नाहीये, टीचर म्हणतात कॉमेंटरी कमी. म्हणजे नक्की करायचं काय?

पुणेरी_काकू: अहो रुब्रिक (मार्क कशाला किती त्याचा तक्ता) बघा ना, थीसिसला म्हणजे मुख्य मुद्द्याला १, सोफिस्टिकेशनला म्हणजे विचारांच्या खोलीला १ आणि एव्हिडन्स-कॉमेंटरीला म्हणजे उदाहरणं आणि त्यांच्या स्पष्टीकरणाला तब्बल ४. पोरं उदाहरणं कोंबतात आणि पुढे पळतात. दांडी १९३० लिहिलं की झालं असं नाही, मीठच का, तर ते गरिबालाही रोज लागतं, कर सगळ्यांनाच बसायचा म्हणून लोक जोडले गेले आणि यातून आपला मुद्दा कसा सिद्ध होतो ते लिहायचं, मार्क तिथे आहेत.

टीपी_मास्तर: +१. भारी शब्द टाकून सोफिस्टिकेशनचा पॉइंट मिळत नाही हेही सांगा तिला. विरोधी बाजू नीट मांडून मग उत्तर दिलं तर चान्स असतो. आणि वेळ! ३ निबंध, सव्वादोन तास, त्यातली १५ मिनिटं वाचनाची.

एडिसनकर: सावित्रीबाईंची १८४८ ची पुण्यातली शाळा चालेल? तपासणाऱ्याला माहीत नसेल तर?

पुणेरी_काकू: पळेल! एका वाक्यात ओळख द्यायची, बास. रोझा पार्क्स (अमेरिकेत वर्णभेदाविरुद्ध बसमधली जागा न सोडणारी) वाचून वाचून कंटाळले असतील बिचारे तपासणारे 😀