मदत हवी आहे: यूकेत फॉस्टरिंग आणि नवऱ्याची पार्टी मेंबरशिप

आम्ही लेस्टरला असतो, फॉस्टर केअरर (कौन्सिलच्या देखरेखीतली मुलं आपल्या घरी सांभाळणारे) व्हायचं असेसमेंट चालू आहे, फॉर्म एफ (असेसमेंटचा रिपोर्ट) बराचसा झालाय. नवरा इमिग्रेशन कमी करा म्हणणाऱ्या पार्टीचा मेंबर आहे, हे आम्ही पहिल्याच भेटीत सांगितलं, लपवलेलं काही नाही. आता सोशल वर्कर विचारतेय की निर्वासित किंवा ईस्टर्न युरोपमधलं मूल आलं तर बातम्या लागल्यावर घरात त्याच्यासमोर काय बोलणं होईल. प्रश्न रास्त आहे, मुलांच्या कानावर सगळं पडतंच. पण 2012 ला रॉदरहॅममध्ये यूकिप या इमिग्रेशनविरोधी पक्षाचे मेंबर म्हणून एका जोडप्याकडची तीन मुलं कौन्सिलने हलवली होती, त्यामुळे धास्ती वाटते, मुलांनी परत घर का बदलायचं?

चिल्ड्रन ॲक्ट 1989 चं कलम 22 वाचलं, मुलाचा धर्म, वंश, संस्कृती, भाषा लक्षात घ्या म्हणतात, केअररच्या पक्षाबद्दल त्यात काही नाही. एजन्सीला मेल केला तर उत्तर आलं, पॅनल (अर्ज तपासणारी समिती) ठरवेल. मेंबरशिप सोडायला सांगू नका प्लीज, तो सोडणार नाही.

पॅनलमधून गेलेल्या कोणी सांगाल का, रिपोर्टमध्ये पक्षाबद्दल नेमकं काय लिहिलं होतं आणि पुढे मॅचिंगच्या (कुठलं मूल कोणाकडे ठेवायचं ते ठरवण्याच्या) वेळी त्यावरून एखादं मूल नाकारलं का?