परदेशात बोट भाड्याने घ्यायला लायसन्स लागतं का?

भटक्या:
पुढच्या उन्हाळ्यात आम्ही चौघं ग्रीसमध्ये आठवडाभर शिडाची बोट घेऊन बेटं फिरायच्या विचारात आहोत. जमलं तर पुढे क्रोएशिया. शीड मला बऱ्यापैकी हाताळता येतं, पण कागद एकही नाही. कुणी म्हणतं लागतो, कुणी म्हणतं काही लागत नाही. जाणकारांनी सांगावं.

दर्यावर्दी:
दोघंही खरंच बोलतायत, फक्त वेगवेगळ्या बोटींबद्दल. ग्रीसमध्ये ३० एचपीपर्यंतची छोटी मोटरबोट लायसन्सशिवाय मिळते. इटलीत मर्यादा ४०.८ एचपी, तीही किनाऱ्यापासून ६ सागरी मैलांच्या आत. स्पेनमध्ये ५ मीटर लांबी, १५ एचपी, २ मैल, आणि अंधार पडायच्या आत परत. फ्रान्समध्ये मोटर ६ एचपीच्या वर गेली की परवाना, पण समुद्रात शिडाच्या बोटीला नाही! यातलं तर्कशास्त्र शोधत बसू नका.

तुमचं प्रकरण वेगळं आहे. आठवड्यासाठी शिडाची यॉट स्वतः चालवायला घेतली की ग्रीसमध्ये स्किपरचं, म्हणजे बोटीच्या कप्तानाचं, प्रमाणपत्र मागतातच, शिवाय बोटीवर दुसरा जाणता माणूस हवा. क्रोएशियात वर व्हीएचएफ रेडिओचं (बोटीवरच्या बिनतारी संचाचं) प्रमाणपत्र. युरोपात बरेच जण आयसीसी, म्हणजे बोट चालवता येते याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, दाखवतात. त्यावर शीड आणि मोटर वेगळी नोंदतात, तेव्हा नुसतं मोटरचं असेल तर यॉट विसरा.

ओहोटी:
ब्रिटनमध्ये समुद्रात खासगी बोटीला लायसन्सच नाही ना? न्यूझीलंडमध्येही नाही. मग तिथल्यांनी ग्रीसला काय दाखवायचं?

दर्यावर्दी:
आयसीसीच. घरी लागत नाही म्हणून बाहेर सूट मिळत नाही. आणि सरकारने सोडलं तरी बोटमालक आणि विमा कंपनी सोडत नाहीत. अपघात झाला की पहिला प्रश्न हाच, सुकाणूवर कोण होतं आणि त्याच्याकडे काय होतं.

बाकी नियमांच्या तऱ्हा बघायच्या तर नॉर्वे. ८ मीटरपेक्षा लांब किंवा २५ एचपीपेक्षा जास्त इंजिनाची बोट असेल तर १९८० पासून पुढे जन्मलेल्यांनाच परीक्षा. थोरला भाऊ मोकळा, धाकटा अभ्यासाला!

भटक्या:
दुसरा जाणता माणूस म्हणून मेहुणा चालेल? कागद त्याच्याकडेही नाही.

दर्यावर्दी:
त्याला येत असेल तर अनुभवाचं लेखी स्वयंघोषणापत्र बऱ्याच कंपन्या घेतात. पण स्किपरचं प्रमाणपत्र तुम्हालाच काढावं लागेल, नाहीतर बोटीबरोबर त्यांचा स्किपर घ्या. आगाऊ पैसे भरण्याआधी कोणते कागद चालतात ते ईमेलवर मागवा, फोनवरचं ‘होईल काहीतरी’ धरू नका.