कंपाउंड धनुष्य: २९ इंचांचं मिळतंय, माझं माप २७ येतंय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
दोन वर्षं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं, बिनचाकांचं धनुष्य) मारतोय, आता कंपाउंडकडे (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) वळायचंय. सोबत सराव करणारे एक दादा त्यांचं जुनं धनुष्य द्यायला तयार आहेत. ड्रॉ लेंथ (दोरी किती मागे खेचायची ते माप) २९ इंच, ताकद ५० ते ६० पौंड.

दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकापासून टोकापर्यंत मापलं तर १७१ सेंमी भरतं. म्हणजे सव्वासदुसष्ट इंच. अडीचने भागलं की २७ च्या आसपास. रिकर्व्हवर मात्र २८ पर्यंत खेचतो. मग खरं माप कुठलं?

त्यांचं धनुष्य ओढून पाहिलं. दोरी कानामागे जाते, पीपमधून (दोरीत बसवलेलं नेम धरायचं भोक) बघायला मान मागे टाकावी लागते आणि दोरीने कोपराच्या आतल्या बाजूला असा फटका दिला की अजून निळं आहे. दादा म्हणतात, सवय होईल. होते का?

आणि ८० टक्के लेट-ऑफ (पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार जितका कमी होतो तो) असेल तर ५० पौंडांचे हातात १०च उरतात ना? रिकर्व्हचे ३४ मी आरामात धरतो. तरी ओढताना दम का निघतो?

प्रतिसाद १:
सवय होईल, पण चुकीची. रिकर्व्हमध्ये तुम्ही थांबाल तिथे ड्रॉ संपतो, कंपाउंडमध्ये तो कॅम (टोकांवरची चाकं) ठरवतो. दोरी ‘भिंतीला’ (जिथून पुढे ती ओढलीच जात नाही) टेकेपर्यंत खेचावंच लागतं. मग धनुष्याची ड्रॉ लेंथ जास्त असेल तर शरीर वाकून ती लांबी भरून काढतं. मान मागे, खांदा वर, कोपर ताठ. फटका त्यातूनच बसला.

२७ पासून सुरुवात करा, मग अर्ध्या अर्ध्या इंचाने वरखाली करून बघा. रिकर्व्हचे २८ विसरा. इथे बोटांऐवजी रिलीज (दोरी सोडायचं हातातलं साधन) आणि डी-लूप (ते अडकवायचा दोरीवरचा छोटा फास) असतो, अँकर (ओढलेला हात चेहऱ्याला टेकतो ती जागा) बदलतो.

लेट-ऑफबद्दल: ते १० पौंड शेवटी येतात. त्याआधी पूर्ण ५० चा चढ चढावा लागतोच. खुर्चीत बसा, बाण लावून लक्ष्याकडे तोंड करा आणि धनुष्य आकाशाकडे न उचलता सरळ ओढा. जमलं नाही तर पौंड जास्त आहेत. वर्ल्ड आर्चरीच्या स्पर्धेत कमाल मर्यादाच ६० आहे, त्यामुळे घाई कशाला?

प्रतिसाद २:
कॅमवर फिरणारं मोड्युल (ड्रॉ लेंथ बदलणारा तुकडा) असेल तर लांबी कमी होईल. ताकदीचं तसं नाही. लिंब (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्या) घट्ट धरणारे बोल्ट सैल करून साधारण १० पौंड उतरतात, म्हणजे हे ५० च्या खाली यायचं नाही. त्यासाठी लिंब बदलावे लागतील, तेही बो प्रेसवर (धनुष्य दाबून धरणारं यंत्र).
आणि बाण न लावता दोरी कधीच सोडू नका. ‘फक्त बघू’ म्हणून सोडणारे बरेच पाहिलेत. लिंब फुटतात, दोरी कॅमवरून उडते.

धागाकर्ता:
खुर्चीचा प्रयोग केला. ५० ला धनुष्य छताकडे गेलंच. एका मैत्रिणीचं २७ इंची, ४० पौंडांचं मागून घेतलं आणि ओढलं, मान जागेवर राहिली, पीप आपोआप डोळ्यासमोर आला! दादांना नम्रपणे नाही सांगितलंय.

आता पुढचा घोळ: दोन्ही कॅमच्या आसांमधलं अंतर ३२ इंच घ्यावं की ३८? मारणार फक्त ५० मीटरवर, शिकार वगैरे काही नाही.

प्रतिसाद १:
मग ३८. लांब धनुष्य हातात शांत राहतं, दोरीचा कोनही उघडा राहतो. मात्र अंगावर जड पडेल, तेव्हा हात लांब करून मिनिटभर नुसतं धरून बघा आणि मगच ठरवा.