शब्दचर्चा: पात्राचा 'हेतू' की 'प्रेरणा'? आणि प्रतिमा, प्रतीक, रूपक यांचं काय करायचं?

प्रश्न:

अभिजात नाटकं आणि कादंबऱ्या यांच्यावर मराठीत लिहायचा प्रयत्न करतेय आणि दर दोन ओळींनी शब्दापाशी अडतेय. पात्र असं का वागलं याला 'मोटिव्ह' लिहायचं टाळलं तर हेतू, उद्देश, प्रेरणा, प्रयोजन एवढे शब्द समोर येतात आणि कुठला कुठे बसतो तेच कळत नाही. 'थीम'ला कुणी विषय म्हणतं, कुणी आशय, कुणी आशयसूत्र. आणि प्रतिमा, प्रतीक, रूपक तर लोक एकमेकांच्या जागी सर्रास वापरताना दिसतात. हे सगळे समानार्थी आहेत का? की खरंच फरक आहे आणि तो पाळला पाहिजे?

प्रतिसाद:

फरक आहे, आणि माझ्या मते तो पाळायलाच हवा, कारण शब्द सरमिसळ झाले की वाचनही सरमिसळ होतं. तुम्ही शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'तल्या खलनायकाचा, इयागोचा 'हेतू' शोधायला निघता आणि सापडते ती त्याची सबब, आणि मग सबबीलाच उत्तर समजून लेख संपवता.

आधी हेतू घेऊ. आज आपण 'त्याचा हेतू चांगला होता' म्हणतो तेव्हा हेतू म्हणजे मनात ठरवलेलं, पुढे साधायचं असलेलं काहीतरी. 'हेतुपुरस्सर' म्हणजे मुद्दाम, जाणूनबुजून. पण जुन्या शास्त्रात हेतू असा पुढे नव्हता, मागे होता. न्यायशास्त्रातलं ते नेहमीचं उदाहरण बघा, डोंगरावर आग आहे, का तर धूर दिसतोय म्हणून, यातला धूर हा हेतू. म्हणजे ज्याच्या आधाराने आपण काहीतरी आहे असं मानतो ते कारण. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने 'काव्यप्रकाश' या ग्रंथात काव्यहेतू वेगळे सांगितलेत आणि काव्यप्रयोजनं वेगळी. हेतू म्हणजे कवीकडे असलेली शक्ती, निपुणता आणि अभ्यास, ज्यातून काव्य निघतं. प्रयोजनं म्हणजे यश, पैसा, व्यवहारज्ञान, अनिष्टाचा नाश, तत्काळ मिळणारा आनंद, प्रेयसीने सांगावा तसा गोड उपदेश, म्हणजे ज्यासाठी काव्य लिहायचं ते. हेतू मागून ढकलतो, प्रयोजन पुढून ओढतं. आजच्या मराठीत मात्र हेतूनेच प्रयोजनाची जागा घेतलीय, आणि मागून ढकलणाऱ्या गोष्टीसाठी आपल्या हातात सुटसुटीत शब्दच उरला नाही अशी अवस्था आहे. तुमची अडचण तिथून येते.

आता हे पात्राला लावून बघा. इयागो स्वतः काय काय सांगतो? सेनापती ऑथेल्लोने आपल्याला डावलून कॅसिओ या दुसऱ्या अधिकाऱ्याला बढती दिली हे एक. ऑथेल्लोचे आपल्या बायकोशी संबंध असल्याची कुजबुज आहे हे दुसरं. पुढे तोच संशय तो कॅसिओवरही घेतो. इतके हेतू सांगितले की एकाही हेतूवर विश्वास बसेनासा होतो, आणि इंग्रज कवी-समीक्षक कोलरिजने म्हणूनच त्याच्याबद्दल लिहिताना हा दुष्टपणा निष्कारण आहे आणि इयागो त्याला कारणं शोधत फिरतोय असं म्हटलं. आणि शेवटी पकडला गेल्यावर, जेव्हा सगळ्यांना उत्तर हवंय तेव्हा, तो सांगतो की मला काही विचारू नका, यापुढे मी शब्द बोलणार नाही. मी असं लिहीन की इयागोला हेतू, म्हणजे सांगता येणारी कारणं, भरपूर आहेत, प्रेरणा, म्हणजे आतून ढकलणारं जे ते, मात्र शेक्सपिअरने बंद ठेवलीय. हे वाक्य 'मोटिव्ह' हा एकच शब्द हाताशी धरून लिहिताच येणार नाही, कारण तिथे दोन्ही गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या जातात.

प्रतिसाद:

पण 'इयागोची प्रेरणा' कानाला फार विचित्र लागतं हो. प्रेरणा म्हटलं की प्रेरणादायी भाषण आठवतं, थोर पुरुषांकडून घेतात ती. 'खुनाची प्रेरणा' असं कुणी म्हणेल का? बातमीत तर सरळ 'खुनाचं कारण' किंवा 'खुनामागचा उद्देश' असतं.

प्रतिसाद:

मुद्दा बरोबर आहे, प्रेरणा शब्दाला आज चांगुलपणा चिकटलाय. मुळात तो तसा नव्हता, प्रेरणे म्हणजे नुसतं पुढे ढकलणं, चालना देणं, मग ते चांगल्याकडे असो की वाइटाकडे, पण वापर बदलला तो बदलला, त्याच्याशी भांडून उपयोग नाही. समीक्षेत 'प्रेरणा' चालतं कारण तिथला वाचक तो अर्थ ओळखतो, 'कामप्रेरणा', 'सूडाची प्रेरणा' हे शब्द रुळलेत. पण साध्या लेखात मी 'ओढ', 'प्रवृत्ती', 'आतून येणारी ढकल' असं काही वापरेन, किंवा वाक्यच फिरवेन, 'त्याला हे करायला आतून काय लावतं' असं. मराठीत क्रियापद वापरलं की निम्मे प्रश्न सुटतात, आपणच नामांच्या मागे लागतो. 'विकार' हा शब्दही विसरू नका. आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट' मराठीत आणलं तेव्हा नाव दिलं 'विकारविलसित'. म्हणजे या माणसाच्या आत विकारांचा जो खेळ चालतो तेच नाटक आहे हे त्यांनी शीर्षकातच सांगून टाकलं. पात्राला आतून हलवणारं जे काही आहे त्याला विकार हा किती नेमका शब्द आहे, आणि आज आपण तो फक्त आजारासाठी ठेवलाय, याची मला खरंच हळहळ वाटते.

प्रश्नकर्ती:

हेतू-प्रेरणा थोडं उमगतंय. प्रतिमा-प्रतीकाचं सांगाल का? आणि शक्यतो एकाच कलाकृतीवर, म्हणजे गोंधळ होणार नाही.

प्रतिसाद:

मग कालिदासाचं 'शाकुंतल' घेऊ, तिथे हे सगळे शब्द एकत्र कामाला लागतात.

त्यातला भुंगा आठवा. पहिल्या अंकात शकुंतला झाडांना पाणी घालतेय आणि नवमालिकेच्या वेलीवरून उठलेला भुंगा तिच्या तोंडाभोवती घिरट्या घालतो, राजा दुष्यंत झाडाआडून बघतोय आणि त्याला त्या भुंग्याचा हेवा वाटतो, आणि त्याच भुंग्यापासून वाचवायच्या निमित्ताने तो पुढे येतो. इथे भुंगा ही प्रतिमा आहे. डोळ्यांसमोर उभी राहते, फूल आणि चेहरा यांची सांगड घालते, बस. आता पाचव्या अंकाच्या सुरुवातीला या. दरबारात शकुंतला यायच्या आधी आतून राजाच्या अंतःपुरातल्या हंसपदिकेचं गाणं ऐकू येतं, की हे भुंग्या, आंब्याच्या मोहोराचं चुंबन घेऊन आता कमळात रमलास, त्याला विसरलास कसा? राजा म्हणतो, आपण हिच्यावर एकदाच प्रेम केलं आणि विसरलो त्याचा हा टोमणा आहे. आणि तरीही त्या गाण्याने त्याला एकदम हुरहूर लागते, कशाची ते कळत नाही. इथे तोच भुंगा प्रतीक होतो. कारण आता तो भुंगा दिसत नाहीये, फक्त गाण्यात आलाय, आणि पहिल्या अंकातला सगळा प्रसंग आपल्यासोबत घेऊन आलाय. सहाव्या अंकात राजा पश्चात्तापाने शकुंतलेचं चित्र काढतो, त्यात पुन्हा भुंगा, आणि राजा त्या चित्रातल्या भुंग्याला दम देतो की तिला शिवलास तर तुला कमळात कोंडून टाकेन, तेव्हा विदूषक त्याला सांगतो की अहो, हे चित्र आहे. मला तर ती जागा वाचताना दर वेळी वाटतं की राजा शिक्षा कुणाला सुनावतोय हे राजाला कळत नाहीये, आपल्याला कळतंय.

म्हणजे प्रतिमा एकदाही येऊ शकते आणि तिथल्या तिथे पुरी होते. तीच प्रतिमा पुन्हा पुन्हा येऊन, दर खेपेला थोडी जास्त जड होत, शेवटी स्वतःपलीकडचं काहीतरी दाखवायला लागली की प्रतीक. तसं एकदाच येऊन प्रतीक झालेलीही उदाहरणं आहेत, पण बहुतेक वेळा प्रतीक हे कमावलेलं असतं. 'मोटिफ'ला शब्द हवा असेल तर अशा परत परत येणाऱ्या प्रतिमेला 'आवर्ती प्रतिमा' म्हणा.

रूपक हा मुळात अलंकार, उपमेय (ज्याची तुलना करायची ते) आणि उपमान (ज्याच्याशी करायची ते) एकच आहेत असं सांगणारा. 'मुखकमल' म्हटलं की झालं रूपक, तिथे खरं कमळ नसतं. प्रतीकात मात्र भुंगा हा खराखुरा भुंगा असावाच लागतो, त्याने शकुंतलेला खरोखर त्रास द्यावा लागतो, त्याशिवाय पुढचा अर्थ निघत नाही. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनीचे, म्हणजे शब्दांतून सुचणाऱ्या अर्थाचे, दोन मोठे भेद केले तेच इथे उपयोगी पडतात, एकात शब्दाचा सरळ अर्थ घ्यायचाच नसतो, दुसऱ्यात सरळ अर्थ जागेवर राहतो आणि त्याच्या मागून दुसरा उमटतो. प्रतीक हे या दुसऱ्या जातीचं. म्हणून 'भुंगा म्हणजे दुष्यंत' असं समीकरण लिहिलंत की तुम्ही प्रतीकाचं रूपक करून टाकता आणि भुंगा नाटकातून उडून जातो. परीक्षेच्या उत्तरांत हे सर्रास होतं, आणि त्यात विद्यार्थ्यांचा दोष नाही, त्यांना तसंच शिकवलं जातं.

आणि आता हेतू परत आणा, कारण खरी गंमत तिथेच आहे. महाभारतातल्या मूळ गोष्टीत ना शाप आहे ना अंगठी. शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते, आणि तिथे राजाबद्दल शब्द आहे 'स्मरन्नपि', म्हणजे आठवत असूनही तो म्हणतो की मला आठवत नाही. पुढे आकाशवाणी झाल्यावर तो सांगतो की मला माहीत होतं, पण नुसत्या तुझ्या शब्दावर स्वीकारलं असतं तर लोकांनी संशय घेतला असता. म्हणजे तिथे हेतू स्वच्छ आहे, बोलून दाखवलेला आहे. कालिदासाने दुर्वासाचा, राजा तिला विसरेल असा शाप आणला, अंगठी आणली, ती पाण्यात हरवली आणि माशाच्या पोटात निघाली, आणि त्यामुळे राजाचा हेतूच काढून घेतला, आता तो खोटं बोलत नाही, त्याला खरंच आठवत नाही. राजा निर्दोष ठरला असं बरेच जण इथे थांबतात. पण मग ते हंसपदिकेचं गाणं तिथे कशाला ठेवलं? तिला तर कुणाचा शाप नव्हता, तिला तो शापाशिवायच विसरला. कालिदासाने हेतू काढला पण प्रवृत्ती ठेवली, आणि ती ठेवायला भुंगा वापरला. मला हे नाटक याच एका जागेमुळे थोर वाटतं.

प्रतिसाद:

अंगठी पण प्रतीकच ना मग?

प्रतिसाद:

मी घाई करणार नाही. अंगठी आधी 'अभिज्ञान' आहे, ओळख पटवायची खूण, तिचं काम कथानकात ठरलेलं आहे, रामायणात हनुमान सीतेला रामाची अंगठी दाखवतो तसंच. जिचा अर्थ ठरलेला आहे ती खूण किंवा चिन्ह. अंगठी मिळाल्यावर राजा तिच्याशी बोलतो, त्या सुंदर बोटांतून तू निसटलीस कशी म्हणून तिला दोष देतो, तिथपासून ती खुणेच्या पुढे सरकते असं म्हणता येईल. पण नाटकात दिसणारी प्रत्येक वस्तू प्रतीक नसते.

प्रतिसाद:

प्रतीकाचा अर्थ कुणी ठरवायचा यावर एक उदाहरण जोडते. मेलव्हिलच्या 'मोबी डिक'मध्ये (१८५१) जहाजाच्या डोलकाठीला एक सोन्याचं नाणं ठोकलंय, जो पहिल्यांदा तो पांढरा देवमासा बघेल त्याला ते मिळणार. एका अख्ख्या प्रकरणात एकेक जण येऊन त्या नाण्याकडे बघतो. कप्तान एहॅबला त्यावरच्या मनोऱ्यात, ज्वालामुखीत, कोंबड्यात, सगळ्यात एहॅबच दिसतो. जहाजावरच्या स्टारबक या अधिकाऱ्याला धर्मातला अर्थ दिसतो. फ्लास्क हा दुसरा अधिकारी मात्र हिशेब करतो की सोळा डॉलर, दोन सेंटला एक चिरूट, म्हणजे ९६० चिरूट (कादंबरीत आकडा हाच आहे, खरे होतात ८००). नाणं एकच, आणि प्रत्येकाचं वाचन त्याचा स्वतःचा स्वभाव उघडा करतं. म्हणजे इथे प्रतीक हेच प्रेरणा दाखवायचं साधन झालं.

प्रतिसाद:

वा, हे फार चांगलं जोडलंत! आणि 'प्रतीक' शब्दाशीही जुळतं. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात प्रतीकचा अर्थ अवयव असा दिलाय, आणि टीकाकार श्लोकाचे पहिले एकदोन शब्द देऊन बाकीचा श्लोक सुचवतात त्यालाही प्रतीकच म्हणतात. भाग हातात दिला, उरलेलं वाचणाऱ्याने पुरं करायचं.

प्रश्नकर्ती:

आणि थीम राहिली. विषय की आशयसूत्र?

प्रतिसाद:

विषय नामात सांगता येतो, आशयसूत्राला वाक्य लागतं. 'मॅकबेथ'चा विषय महत्त्वाकांक्षा. पण तेवढ्याने काय कळलं? दुसऱ्या अंकात खून झाल्यावर लेडी मॅकबेथ म्हणते थोडं पाणी घेतलं की झालं, आणि पाचव्या अंकात तीच झोपेत चालत हात चोळत राहते, डाग जात नाही म्हणून. या दोन जागा जोडून तुम्ही जे वाक्य लिहाल, 'मिळवायच्या आधी जे सोपं वाटतं ते मिळवल्यावर माणसाला सोडत नाही' असं काहीतरी, ते आशयसूत्र. 'आशय' त्याहून मोठा, कलाकृतीत भरलेलं सगळंच. 'तात्पर्य' आणि 'बोध' बोधकथेसाठी ठेवा, शोकांतिकेला ते लावू नका.

प्रश्नकर्ती:

खूप आभार. एक शेवटचं, लिहिताना 'हेतू' दीर्घ की ऱ्हस्व? दोन्ही बघितलंय.

प्रतिसाद:

सुटा शब्द दीर्घ, हेतू, आणि हेतूने, हेतूंवर हेही दीर्घच. समासात मात्र हेतू पहिल्या जागी आला की ऱ्हस्व, हेतुपुरस्सर, हेतुनिष्ठ. वस्तू आणि वस्तुस्थिती यांचं होतं तसंच. 'काव्यहेतू'त तो शेवटी आहे म्हणून दीर्घ.