बैठकांनंतर मांड्या भरून आल्या असतील तर

पहिल्याच दिवशी ५० बैठका मारल्या, आता जिना उतरवत नाही, व्यायाम सोडू का, असं एकाने विचारलंय. सोडू नका, पण दुखणं उतरेपर्यंत बैठका नकोत.

या दुखण्याचा दोष व्यायामात स्नायूंत तयार होणाऱ्या लॅक्टिक अ‍ॅसिडला देतात, पण ते तासाभरात निघून जातं. खरं कारण बैठक मारताना खाली जाण्यात आहे. तेव्हा मांडीचा स्नायू लांबत असतानाच भार पेलतो आणि त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. म्हणून दुखणं १२ ते २४ तासांनी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि साधारण आठवड्याभरात जातं. जिना चढण्यापेक्षा उतरताना जास्त कळ येते तीही यामुळेच.

सध्या सपाटीवर १५-२० मिनिटं सावकाश चाला. गरम पाण्याने शेकल्यावर बरं वाटेल. तेल हलक्या हाताने लावा, रगडून घेऊ नका. जोर लावून ताणल्याने दुखणं लवकर जात नाही.

मग खुर्चीवर बसून उठायच्या ८-८ च्या दोन फेऱ्या करा, एक दिवसाआड. दर आठवड्याला प्रत्येक फेरीत दोनच वाढवा. एकदा दुखून गेलेला स्नायू सरावतो, पुढच्या वेळी तेवढ्याच बैठकांना बराच कमी दुखतो. मात्र मध्ये महिना-दोन महिने खंड पडला तर पुन्हा कमीपासूनच सुरुवात करा.

गुडघ्याच्या सांध्यातच टोचत असेल तर ते वेगळं दुखणं, तपासून घ्या. आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली किंवा मांड्या सुजून टणक झाल्या तर लगेच डॉक्टरकडे जा. त्यात मूत्रपिंडाला धोका असतो, त्यामुळे स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळी घेऊ नका.