सुबाभळीची रोपं उपटून उपटून दमले, काहीतरी कायमचा उपाय सांगा

मोगरा_तळेगाव:
नमस्कार मंडळी, तळेगावात आमचं बैठं घर आहे आणि मागे छोटी बाग. शेजारचा प्लॉट रिकामा, तिथे सुबाभळीची तीन मोठी झाडं. उन्हाळ्यात शेंगा वाळून नुसत्या खुळखुळत असतात आणि पाऊस सुरू झाला की मोगऱ्यात, अळूत, अगदी फरशीच्या फटीत पण रोपंच रोपं. मागच्या वर्षी सासूबाई आजारी होत्या, दोन महिने बागेकडे बघणं झालं नाही, तर कढीपत्त्याच्या आळ्यातलं एक रोप माझ्या खांद्याएवढं झालं, ते कोयत्याने छाटलं तर महिन्याभरात पाच फुटवे. कोणी म्हणतं मीठ टाका, कोणी म्हणतं उकळतं पाणी ओता. काय करू?

बांधावरचा:
ताई, उकळतं पाणी अजिबात नको. सुबाभळीच्या बियांचं कवच टणक असतं, रोपवाटिकेत ते मऊ व्हावं म्हणूनच बी गरम पाण्यात टाकतात, म्हणजे तुम्ही ओतलेलं पाणी मातीत जरा खाली जाऊन कोमट झालं की तिथल्या बियांना उलट मदतच व्हायची. मीठ पण नको, मोगरा जाईल आधी.
मूळची ही मेक्सिकोकडची. आपल्याकडे चारा आणि सरपणासाठी मुद्दाम लावली, उरुळीकांचनच्या बाएफ या संस्थेनं तर शेतकऱ्यांपर्यंत पोचवली, माझ्या वडिलांनी पण बांधावर लावलेली आणि दुष्काळात शेळ्या तिच्यावरच जगल्या, म्हणून मी तिला वाईट म्हणणार नाही. पण बागेत नकोच.

जास्वंद७:
मी चार वर्षं हेच करतेय म्हणून सांगते. रोप बोटभर असताना काढा. आधी दोन जाडसर गोल पानं येतात, मग चिंचेसारखं बारीक पान फुटतं, तीच वेळ. चांगला पाऊस होऊन गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं, अगदी मातीलगत धरून सरळ वर ओढायचं, पांढरं सोटमूळ अख्खं निघतं. आठ दिवस ऊन पडलं की तेच रोप मध्येच तुटतं आणि खालून परत फुटतं. उपटलेली रोपं तिथेच आच्छादन म्हणून टाका, द्विदल असल्यामुळे खत चांगलं होतं, फक्त शेंग आलेली फांदी कंपोस्टमध्ये कधीच टाकू नका.

बांधावरचा:
बरोबर. आणि ते खांद्याएवढं झालेलं नुसतं छाटून जाणार नाही, फुटवे बुंध्यातूनच येतात. भोवती वीतभर खणून पहारीने तो जाड भाग बाहेर काढा, खोलवरची बारीक मुळं राहिली तर राहू द्या. कढीपत्त्याची मुळं सांभाळून पण.

मोगरा_तळेगाव:
खूप आभार दोघांचे! आणि शेजारच्या झाडांचं काय, मालक पुण्यात असतात, तोडायला सांगू का?

जास्वंद७:
मोठं झाड तोडायचं तर नगरपरिषदेची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे झाडांचा, ती मालकांनी काढायची. तोवर फोन करून तुमच्या बाजूच्या फांद्यांच्या शेंगा हिरव्या असतानाच उतरवायची परवानगी घ्या, आकडीने निघतात. तपकिरी झाल्या की उशीर झाला. जुनं बी मातीत कित्येक वर्षं टिकतं, त्यामुळे पुढची काही वर्षं रोपं येतच राहणार, पण दरवर्षी कमी होत जातात हे मी स्वतः बघितलंय.

परसदार:
मध्येच विचारतो, आमच्या कंपाउंडच्या भिंतीत पिंपळ आलाय, आई हात लावू देत नाही.

बांधावरचा:
दादा, लहान आहे तोवरच भिंत भिजली की मुळासकट सोडवून कुंडीत लावा आणि ती फट सिमेंटने बुजवा. आईंना सांगा झाड मारत नाही, हलवतोय. पुढे गावातल्या मोकळ्या जागेत लावता येईल. मुळं भिंतीत जाड झाली की मग झाड पण जातं आणि भिंत पण.

मोगरा_तळेगाव:
काल रात्री मस्त पाऊस झाला, आज सकाळी सहाला छत्री घेऊन गेले, तासाभरात अर्धी बादली रोपं, एकही तुटलं नाही. रविवारी ह्यांच्याकडून पहार चालवून घेते.