मदत हवी आहे: घरासाठी विश्वासू एजंट कसा ओळखायचा? रविवारी टोकन द्यायचंय

गोदाकाठची
नमस्कार. आम्ही दोन महिन्यांपासून घर बघायलोत. आता एक पसंत पडलंय. एजंट रविवारी ५१ हजार टोकन द्या म्हणायलेत, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणे. माणूस भरवशाचा आहे की नाही कसं कळणार? कृपया लवकर सांगा.

जालनेकर
ताई, कोणतं गाव? फ्लॅट, प्लॉट की रो हाऊस? नवं की जुनं? एवढं तरी सांगा.

गोदाकाठची
सॉरी, घाईत राहून गेलं. छत्रपती संभाजीनगर. रो हाऊस, नवीनच बांधलंय.

पाणचक्की
एजंटकडे महारेराचा, म्हणजे बिल्डर-एजंटांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक आहे का ते आधी बघा. महारेराच्या साइटवर एजंटचं नाव शोधता येतं, एका मिनिटाचं काम. आता त्यांना परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. नंबर नसेल तर पुढे बोलायचंच नाही.

वकिलीण_लातूर
पाणचक्की, सरसकट असं नाही. रेरात नोंदलेल्या प्रकल्पातलं घर विकायचं असेल तरच एजंटला नोंदणी सक्तीची. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा घरं आठपर्यंत असली तर प्रकल्पालाच रेरा लागत नाही. म्हणून ताईंना विचारते, एकूण किती घरं आहेत आणि कोणत्या भागात?

गोदाकाठची
सहा घरं. सातारा परिसर, बीड बायपासजवळ. एजंट म्हणाले इथे रेरा लागतच नाही, म्हणजे खरं बोलले ना?

वकिलीण_लातूर
तेवढं बरोबर असू शकतं. पण रेरा नाही म्हणजे तपासणीची जबाबदारी तुमच्यावर आली. जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, आहे का? बांधकाम परवानगी कोणाच्या नावाने?

नाथसागर
घर कसंही असो, आधी पाण्याचं विचारा! आम्ही देवळाईत राहतो. उन्हाळ्यात टँकरवर किती पैसे जातात ते आमचं आम्हाला माहीत. जायकवाडी उशाला आणि घसा कोरडा. बोअर किती फूट आहे, मे महिन्यात पाणी असतं का, हे शेजारच्यांना विचारा, एजंटला नाही.

जालनेकर
नाथसागर, पाण्याचा दुसरा धागा आहे की.

नाथसागर
घर घेताना पाणी बघायचं नाही तर काय बघायचं?

सिडकोवाला
माझं स्पष्ट मत, एजंट नकोच. एन-७ मधलं आमचं घर मी थेट मालकाकडून घेतलं. दोन टक्के वाचले.

जालनेकर
सिडकोत कागदपत्रांचं ठरलेलं असतं, तिथे चालतं. मी बायपासला थेट मालकाकडून घ्यायला गेलो आणि फसता फसता वाचलो. सातबाऱ्यावर चार भावांची नावं, सौद्याला एकच भाऊ. ते आमच्या एजंटनेच पकडलं, फेरफार (मालकी बदलल्याची नोंद) काढून दाखवला. त्याला दिलेला टक्का मला कधी जड वाटला नाही. चांगला एजंट कागद आधी दाखवतो, टोकन नंतर मागतो. माझी पारख एवढीच.

गोदाकाठची
कागद मागितले होते. म्हणाले गुंठेवारीतलं (मंजुरीशिवाय गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरचं) आहे, आधी पाचशेच्या बाँडवर नोटरी करू, रजिस्ट्री नंतर होईल. एजंट यांच्या मामांचे व्याही आहेत, म्हणून जास्त विचारता येत नाही. आणि यातले पैसे सासऱ्यांच्या फंडाचे आहेत. अकरा वर्षं भाड्याने काढली हो आम्ही.

वकिलीण_लातूर
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं, ताई. रविवारी एक रुपयाही देऊ नका. नोटरीने मालकी येत नाही. नोंदणीकृत खरेदीखत पाहिजे. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय झाली. तुमचं घर ‘नवीनच’ म्हणताय, म्हणजे ते त्या मुदतीत बसतं का? महापालिकेचं नियमितीकरणाचं प्रमाणपत्र असेल तर त्यावर सर्व्हे नंबर असतो, तो सातबाऱ्याशी जुळवा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), इनाम किंवा देवस्थान लिहिलेलं दिसलं तर थांबा. आपल्याकडे निजामाच्या काळापासूनच्या इनामी जमिनी बऱ्याच आहेत.

पाणचक्की
आणि घर ताईंच्या एकट्याच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते.

तुळजाईभक्त
दार पूर्वेला आहे ना? आम्ही दक्षिणमुखी घेतलं, फार त्रास झाला.

जालनेकर
नात्यातला माणूस म्हणून गप्प बसू नका. ‘बँकेचं कर्ज काढायचंय, त्यांच्या वकिलाला कागद लागतात’ असं सांगा. कोणाला वाईट वाटत नाही आणि कागद बाहेर येतात.

गोदाकाठची
आत्ताच यांनी मामांना फोन केला. कर्जाचंच सांगितलं. व्याही म्हणाले सातबारा आणि प्रमाणपत्र सोमवारी देतो, पण मग घर राहील याची खात्री नाही. सासरे म्हणाले, गेलं तर जाऊ द्या. टोकन थांबवलंय. वकिलाकडून जमिनीचे जुने व्यवहार तपासून घ्यायचेत, त्या शोध अहवालाला किती दिवस लागतात?

वकिलीण_लातूर
तीस वर्षांचा शोध, आठ-दहा दिवस धरा. सर्व्हे नंबर हातात आला की महाभूलेख या सरकारी साइटवर सातबारा तुम्ही स्वतः बघा, त्यांनी दिलेल्या झेरॉक्सवर राहू नका.

नाथसागर
आणि बोअरचं विचारा.